माप कुणाचे, अंग कुणाचे?

गेल्या दिवाळीच्या आधी नातीबरोबर जीन्स घ्यायला जाण्याचा योग आला. एरवी हे काम तिच्या आईचे. पण आईला रजा नव्हती, आणि निवृत्त माणसाला रजेचा अर्ज करावा लागत नाही या घरोघरी मान्य असलेल्या न्यायाने मला जावे लागले. ठाण्यातला मोठा मॉल, मॉलमधले मोठे दुकान. नात सोळा वर्षांची. "आजोबा, माझी साइज तीस आहे. दहा मिनिटांत येते," असे म्हणून ती तीस नंबरच्या चार जीन्स हातावर टाकून ट्रायल रूम नावाच्या त्या उभ्या कपाटात शिरली. मी बाहेर एका बिनपाठीच्या स्टुलावर बसून राहिलो. माझ्याच वयाचे आणखी दोन गृहस्थ तिथे बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दवाखान्यात पाहतात तसे लगेच नजर वळवली.

दहा मिनिटांची चाळीस झाली. नात बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. एक जीन्स मांडीच्या वर चढलीच नाही. दुसरी कमरेवरून घसरत होती. तिसरी कमरेला बेतशीर, पण मागे फुगा. चौथी सगळीकडे बसली, फक्त पायाशी वीतभर जास्त होती. चारींच्या कमरेवर आकडा एकच: तीस. मी म्हणालो, "अगं, दुसऱ्या दुकानात बघू. यांचे कपडेच नीट नाहीत." त्यावर ती म्हणाली, "नको आजोबा. कपडे ठीक आहेत. मीच बेढब आहे."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. चार जीन्स आपसात भांडत होत्या, एकीचा तीस दुसरीच्या तिसाला ओळख देत नव्हता, आणि या भांडणात गुन्हेगार ठरली ती मात्र आमची पोर. साक्षीदार खोटे बोलतात आणि शिक्षा फिर्यादीला होते, असा हा खटला. ती काही जगावेगळी मुलगी नव्हे. या क्षणी महाराष्ट्रातल्या शे-पाचशे ट्रायल रूममध्ये अशाच कुणीतरी मुली आरशाकडे पाठ करून उभ्या असतील. त्यांना हे सांगायला तिथे कुणीही नसते की बाई गं, तू जशी आहेस तशीच आहेस, खोटा आहे तो आकडा.

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला तक्रारीपेक्षा पडताळणी जवळची वाटते. घरी येऊन मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली, कपाट उघडले आणि माझे सगळे सदरे पलंगावर मांडले. बायकोने विचारले, "हे काय चाललंय?" मी म्हटले, "ऑडिट." चाळीस नंबरचे सात शर्ट निघाले. काखेखाली आडवे मोजून दुप्पट केली. एक बेचाळीस इंच भरला, दोन त्रेचाळीस, एक साडेचव्वेचाळीस, दोन पंचेचाळीस आणि एक, जो माझा फार आवडता आहे, तो चक्क सत्तेचाळीस.

आता इथे कारखानदारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चाळीस नंबरच्या शर्टाचा घेर चाळीस इंच नसतो आणि नसावाही. माणसाला श्वास घ्यायचा असतो, हात वर करून लोकलची कडी धरायची असते. अंगापेक्षा कपडा चार इंच सैल असणे हा दोष नव्हे, ती गरज आहे. पण मग चाळीस हा आकडा कशाचा? माझ्या छातीचा की शर्टाच्या घेराचा? सातपैकी तीन शर्टांवर ते लिहिलेलेच नव्हते. उरलेल्या चारांवर सेंटीमीटरचाही आकडा होता, पण तो अंगाचा की कापडाचा याचा खुलासा एकाच शर्टावर सापडला.

पँटींच्या बाबतीत निघालेले सत्य अधिक कडू होते. माझ्या पँटींवर गेली वीस वर्षे चौतीस लिहिलेले आहे. त्यामुळे मी स्वतःला चौतीस कमरेचा गृहस्थ समजत आलो. समवयस्कांच्या सुटलेल्या पोटांकडे पाहून मनातल्या मनात थोडे सुखावलोही आहे. त्या दिवशी टेप कमरेभोवती गुंडाळली. सदतीस. पुन्हा गुंडाळली, पोट जरा आत घेऊन. साडेछत्तीस. म्हणजे पँट खोटे बोलत होती आणि मी ते आनंदाने ऐकत होतो. नातीला आकड्याने रडवले. मला त्याच आकड्याने वीस वर्षे गोंजारले. व्यवहार एकच, फक्त तिच्या वाट्याला उधारीची बाजू आली आणि माझ्या वाट्याला जमेची.

हा गोंजारण्याचा धंदा आता सगळीकडे माहीत झाला आहे. गिऱ्हाईक सुटले की कपड्याचा घेर वाढवायचा आणि आकडा तोच ठेवायचा. गिऱ्हाईक खूश होते, त्याच दुकानात पुन्हा येते. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांचे नंबर या रीतीने इतके घसरले आहेत की १९५८च्या सरकारी तक्त्यात जी बाई बारा नंबरची ठरली असती, तिला आज त्याहून कितीतरी लहान नंबर मिळतो. आम्ही बँकवाले याला चलनवाढ म्हणतो. नोटेवर तोच आकडा आणि नोटेची किंमत निराळी. फरक एवढाच, की रुपयाच्या घसरणीची दखल घ्यायला रिझर्व्ह बँक आहे. इंचाच्या घसरणीला कुणी वाली नाही.

किराणा दुकानातला तराजू आठवा. त्याच्यावर वजनमाप खात्याचा शिक्का लागतो. किलोला साडेनऊशे ग्रॅम साखर घातली तर दुकानदारावर खटला होऊ शकतो. दूध, पेट्रोल, सोने, सगळ्यांच्या मापाला सरकार साक्षी आहे. कपड्याचे कापडसुद्धा वारावर किंवा मीटरवर मोजून मिळते, आणि तिथे बोटभर कमी पडले तर आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो. त्याच कापडाची पँट झाली, की मात्र इंच हा इंच राहत नाही, तो एक भावना होतो. आणि एस, एम, एल यांच्याविषयी तर बोलायलाच नको. ती मापे नव्हेतच, ती शेरे आहेत. 'फ्री साइज' हा त्यातला सर्वांत विनोदी शेरा. माझ्या आईला शेवटच्या आजारात फ्री साइजचे गाऊन आणले होते. त्यात ती एवढीशी बाई हरवून जायची, आणि शेजारच्या थोराड बाईंना तोच गाऊन कोपराशी काचायचा.

नियम नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. २०२२ साली केंद्र सरकारने वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांत दुरुस्ती केली. सुट्या, उघड्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना लेबलावरच्या बऱ्याच तपशिलांतून मोकळीक दिली, पण काही गोष्टी कायम ठेवल्या: किंमत, उत्पादकाचा किंवा विक्रेत्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, आणि माप. माप म्हणजे नुसते एस-एम-एल नव्हे, त्याच्या जोडीला सेंटीमीटरमधला आकडाही. हेतू चांगलाच होता. परंतु सेंटीमीटर कुणाचे, अंगाचे की कपड्याचे, हे स्पष्ट नसेल तर आकडा असून नसल्यासारखाच. आमच्या बँकेत व्हाउचरवर रक्कम असेल पण ती जमा की नावे हेच लिहिले नसेल, तर ते व्हाउचर कुणी पास केले असते काय?

असे का होते, याचा शोध घेताना मी दोन-तीन कारखान्यांत जाऊन आलो. जुन्या कर्जदारांच्या ओळखी अशा वेळी कामी येतात. तिथे जे दिसले त्याने राग थोडा निवळला आणि काळजी वाढली. एखादा शर्ट आधी एकाच मापात, एकाच अंगावर बेतला जातो. तो नीट बसला की त्याच्यावरून मोठी आणि लहान मापे काढतात: पुढच्या नंबरला छातीत दोन इंच, खांद्यात अमुक, बाहीत तमुक. कागदावर हे फार सुबक दिसते. पण माणूस कागदासारखा वाढत नाही. पोट सुटले म्हणून खांदे रुंद होत नाहीत आणि कंबर भरली म्हणून पाय लांब होत नाहीत. म्हणून जाड्या माणसाला घेरात बसणारा शर्ट खांद्यावरून ओघळतो आणि उंच, किडकिडीत पोराला बाहीत बसणारा शर्ट अंगात ढगळ होतो.

पुढे कापडाचे कितीतरी थर एकावर एक पसरून विजेच्या सुरीने एकदम कापतात. वरच्या आणि खालच्या थरात सुताचा फरक पडतो. शिवताना कुठे पाव इंच आत जाते, कुठे बाहेर. एवढेतेवढे चालवून घ्यायचे असे ठरलेलेच असते. जीन्सचे तर आणखी निराळे. ती शिवून झाल्यावर धुतात, भट्टीत घालतात, दगडाने घासतात. एकाच ताग्याचे कापड असले तरी गडद रंगाची जीन्स आणि विटकी केलेली जीन्स सारखी आटत नाही. एकाच छापाचा माल चार गावांतल्या चार कारखान्यांत शिवला जातो. त्यात कपड्याच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा कापडाचा, म्हणून बेतताना बोटभर कापड वाचले तरी हजारो नगांमागे नफा दिसतो. ते बोटभर कापड कुठून वाचवतात? शिवणीतून.

इथे मला आमच्या मास्तरांची आठवण येते.

ऐंशीच्या दशकात मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, शेळ्या आणि शिलाई यंत्रे या तीन गोष्टींसाठी आम्ही इतकी कर्जे दिली, की स्वप्नातही म्हैस शिलाई यंत्र चालवताना दिसावी. म्हशी तपासणीच्या वेळी बहुधा 'चरायला गेलेल्या' असत. शिलाई यंत्र मात्र जागेवर असायचे, आणि त्याच्यामागे माणूसही. असेच कर्ज घेतलेले एक शिंपी होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. कर्जाच्या चौकशीला गेलो असता त्यांनी मला उभ्या उभ्या न्याहाळले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा उतरता आहे. पिशवी त्याच खांद्याला लावता का?" पंचविशीपर्यंत माझ्या आईच्याही हे ध्यानात आले नव्हते. शाळेपासून माझ्या प्रत्येक सदऱ्याची कॉलर डावीकडे का ओढली जाते, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

मास्तरांकडे मापांची एक लांबोडकी वही होती. उंची, छाती, कंबर, सीट, तीरा, बाही, गळा असे आकडे, आणि शेजारी बारीक अक्षरात टिपणे. कुणाचे पोट पुढे, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड. आमच्या लेजरमध्ये माणसाची पत लिहिलेली असायची, त्यांच्या वहीत माणूसच. त्यांनी माझी पहिली पँट शिवली तेव्हा मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत दुमडून ठेवले होते. मी विचारले, हे कशाला? "माया ठेवली आहे साहेब. बँकेत बसून काम. दोन वर्षांत लागेल." दीड वर्षातच लागली.

'माया' हा आपल्या शिवणकामातला शब्द मला फार आवडतो. शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाही असे, पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवलेले कापड. लहानपणी आमचे सगळेच कपडे 'वाढत्या अंगाचे' असत. दिवाळीला वडील एकाच ताग्यातून कापड आणत, भावंडांचे सदरे एकाच छापाचे होत आणि आम्ही रांगेत उभे राहिलो की बँडपथक आल्यासारखे वाटे. विजारीची मोहरी तीन बोटे आत दुमडलेली. दरवर्षी एक बोट उसवून खाली सोडायची, आणि जिथे दुमड होती तिथे न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसायचा. झाडाच्या खोडावरून वय सांगतात तसे पट्टे मोजून कुणी आमची इयत्ता सांगू शकला असता. त्या ढगळ कपड्यांची आम्हाला लाज वाटायची, हे खरे. पण ती लाज कपड्यांची होती. अंगाची कधी वाटली नाही.

आजच्या तयार कपड्यात माया नसते. शिवणीची कड यंत्राने कापून गुंफलेली असते, आत जेमतेम पाव इंच. कपडा सैल झाला तर आत घेता येतो. तंग झाला तर सोडायला काही शिल्लकच नाही. माणूस जाड झाला की कपडा बाद. आणि कपडा बाद झाला असे तरी आपण कुठे म्हणतो? 'मी आता यात बसत नाही' असे म्हणतो. कपडा आपल्यात बसायचा असतो, आपण कपड्यात नव्हे, हे भाषेलाही विसरायला लावले आहे.

तरी मास्तरांच्या काळाचे पोवाडे गाण्याचा माझा इरादा नाही. शिंप्याची 'उद्या या' ही उद्या कधीच उजाडायची नाही. मुंज उद्या आणि मुंजा मुलाचा झब्बा अजून कापलेलाही नाही, हा प्रसंग कोणत्या घरात झाला नसेल? उरलेल्या कापडाचा हिशेब शिंप्याला विचारू नये असा संकेतच होता. आणि बायकांचे ब्लाउज! साडी हे मापाच्या जाचातून सुटलेले वस्त्र. सासूची नऊवारी सुनेला होते, बाळंतपणाआधी नेसलेली पाचवारी नंतरही होते. त्या मोकळ्या वस्त्राच्या जोडीला ब्लाउज नावाचा असा एक काच आला, की शिंप्याने नवी मापे न घेता 'जुना नमुना द्या' म्हणायचे, जुन्या ब्लाउजची चूक नव्यात इमानाने उतरायची, मुंढा काखेत रुतायचा आणि कार्यात बाईने दिवसभर पदर सावरत बसायचे. माझ्या थोरल्या बहिणीने पन्नास वर्षांत मनासारखा बसलेला ब्लाउज एकच घातला, असे ती सांगते, आणि तो शिवणारी बाई पुढे गाव सोडून गेली. तेव्हा तयार कपड्याने आपल्याला वाट पाहण्यातून आणि त्या अनिश्चिततेतून सोडवले, स्वस्त केले, पसंती दिली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. भांडण तयार कपड्याशी नाही. भांडण आहे ते त्याच्या आकड्याशी, आणि तो आकडा कुणाच्या अंगावरून आला याच्याशी.

हा आकडा मुळात आला फौजेतून. शेकडो गणवेश एकदम शिवायचे तर सैनिकांच्या छात्या मोजाव्या लागल्या. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून 'सरासरी माणूस' उभा केला. अमेरिकेत यादवी युद्धातल्या गणवेशांमुळे पुरुषांच्या तयार कपड्यांना मापे मिळाली. बायकांना कुणी मोजलेच नव्हते. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांना परत आलेल्या मालाचा भुर्दंड बसू लागला आणि १९३९-४० साली तिथल्या शेतकी खात्याने, हो, शेतकी खात्याने, सुमारे पंधरा हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या. त्या पायावर १९५८चा तक्ता आला. तो कुणालाच धड बसला नाही आणि १९८३ साली सरकारने तो मागे घेतला. त्यानंतर तिथे प्रत्येक दुकानदार आपापल्या मनाचा राजा झाला. आपण जे आकडे घेऊन बसलो आहोत त्यांची कुळकथा ही अशी.

आपल्याकडे तर तेवढेही झाले नव्हते. परदेशच्या तक्त्यांना थोडी कातर लावून काम भागवायचे, किंवा निर्यातीतून उरलेला माल मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर घ्यायचा आणि बाह्या दोन घड्या घालून दुमडायच्या. २०१८ साली वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी भारतीय मापांसाठी 'इंडिया साइज' हा प्रकल्प जाहीर केला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापे यंत्राने घेण्याची ती योजना. कल्पना उत्तम, आणि फार उशिरा सुचलेली. पण दोन शंका मनात येतात. एक तर यादीत शहरेच आहेत. शेतात राबणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड मुंबईच्या नोकरदार बाईसारखे नसतात. आणि १५ वर्षांखालचे व ६५ वर्षांवरचे या हिशेबात नाहीतच. शाळेतली पोरे आणि आमच्यासारखे म्हातारे, म्हणजे ज्यांची अंगे सर्वांत भराभर बदलतात ते दोन्ही वर्ग बाहेर.

आणि तक्ता कितीही चांगला झाला तरी त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी? १९५०च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाने आपल्या वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यातली ४,०६३ वैमानिकांची दहा मापे निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते पाहिले. एकही निघाला नाही. चार हजारांत एक नाही! ज्या सरासरी माणसाच्या अंगाने कपडे आणि खुर्च्या बेतल्या जात होत्या, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. हे वाचले तेव्हा माझी नात घरी नव्हती. मी तिला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "बरं." सोळाव्या वर्षी हवाई दलाच्या दाखल्याने समाधान होत नाही.

तिच्या अश्रूंचे एकवेळ सोडा. तिला दुसरी जीन्स मिळते. ज्यांना एकच कपडा मिळतो आणि तोही निवडायचा नसतो, त्यांचे काय? २०२४-२५ या शालेय वर्षात आपल्या राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या लाखो मुलांसाठी कापड राज्य पातळीवर घ्यायचे आणि शिवायचे महिला बचत गटांनी. बचत गटांना काम मिळावे हा विचार कुणालाही पटेल असाच होता. घडले असे, की जूनमध्ये शाळा उघडल्या आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनालाही अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. जे पोहोचले त्यांतले कितीतरी कुणाला ढगळ, कुणाला आखूड. शिलाईचा दर परवडत नाही म्हणून बायकाही नाराज. अखेर डिसेंबर २०२४मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

चूक सुधारली, हे चांगले झाले. पण चूक नेमकी कोणती होती याची चर्चा झाली ती उशिराची, कंत्राटाची आणि दराची. अंगाची झाली नाही. चौथीच्या एका वर्गात उभे राहून पाहा. एक पोरगा पहिलीतला वाटावा असा, दुसरी मुलगी सहावीतली वाटावी अशी. यांना इयत्तेच्या मापाचे कपडे कसे होणार? ज्या पोराने वर्षभर घालायच्या अर्ध्या विजारीला सुतळी बांधली आहे, तो कवायतीला हात वर करत नाही. ज्या मुलीचा सदरा छातीशी ताणतो, ती दप्तर पुढे धरून बसते आणि फळ्यापाशी जायला नकार देते. गुरुजींना वाटते, अभ्यास झालेला नाही. दोन गणवेशांना सहाशे रुपये या हिशेबात गावातल्या शिंप्याने प्रत्येक पोराला समोर उभे करून टेप लावली असती, विजारीत दोन बोटे माया ठेवली असती, तर तेच कापड पुरले असते. समित्यांना अधिकार परत मिळाले आहेत, तर त्यांनी तयार गठ्ठे घाऊक बाजारातून उचलण्याचा सोपा मार्ग धरू नये. गणवेशाच्या अटींत कापडाचा रंग लिहिता, तशी मायाही लिहा.

केंद्राच्या २०२३च्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरांमध्ये शिंपी आहे. पाच टक्क्यांनी आधी एक लाखाचे, मग दोन लाखांचे कर्ज मिळू शकते. जुना बँकवाला म्हणून सांगतो, शिंप्याला कर्ज देणे अवघड नाही, त्याला गिऱ्हाईक देणे अवघड आहे. शाळा हे गावातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक.

आणि कारखानदारांकडून मागणे थोडेच आहे. लेबलावर अंगाचे माप लिहा: इतक्या छातीच्या, इतक्या कमरेच्या, इतक्या सीटच्या माणसासाठी. युरोपात एक मानकच आहे, छोटेसे माणसाचे चित्र आणि त्यावर सेंटीमीटर. सक्तीचे नाही, म्हणून दिसतही कमी. आपल्याकडे सेंटीमीटरचा नियम आधीच आहे. त्यात 'अंगाचे' हा एक शब्द घालायला किती खर्च येईल? 'इंडिया साइज'चे तक्ते सोलापूरच्या आणि उल्हासनगरच्या लहान कारखानदाराला फुकट आणि मराठीतून मिळाले पाहिजेत. नाहीतर मोठ्या कंपन्या ते वापरतील आणि लहानगे पुन्हा जुन्या नमुन्यावर कातर चालवतील. गोंजारणारे आकडे गेले तर माझ्यासारख्यांना थोडा धक्का बसेल. तो आम्ही सोसू. मी सोसला आहे, आता दुकानात सदतीस मागतो, तर विक्रेता वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, "काका, तुम्हाला चौतीस होईल."

शेवटी नातीची ती चौथी जीन्स आम्ही घेतलीच. मॉलच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, एक वयस्क गृहस्थ शिलाई यंत्र घेऊन बसतात. मॉलमधून निघालेले कपडे त्यांच्याकडे दुरुस्तीला येतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका उसवण्याचाच त्यांचा धंदा. त्यांनी लेबल पाहिले नाही. नातीला म्हणाले, "बाळ, सरळ उभी राहा. मान वर. चप्पल कोणती घालणार?" खडूने दोन खुणा केल्या, ऐंशी रुपये सांगितले आणि गुरुवारी यायला सांगितले.

गुरुवारी गेलो. म्हणाले, "उद्या या."